फॉलिंग फ्रूट: नकाशा भारी आहे, पण नुसती पिन बघून पिशवी घेऊन निघू नका

आधी निकाल सांगून टाकते. फॉलिंग फ्रूट वापरण्यासारखं आहे, मी वापरते आणि वापरत राहणार, पण पाचपैकी साडेतीनच स्टार देतेय, उरलेले दीड का कापले ते खाली लिहिलंय. ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी: हा ऑनलाइन नकाशा आहे. रस्त्याकडेला, बागेत, ओढ्याकाठी, कुणाच्या कंपाउंडवरून बाहेर आलेल्या फांदीवर जे काही खाण्याजोगं येतं त्याची पिन लोक टाकतात आणि ती सगळ्यांना दिसते. अमेरिकेतल्या बोल्डरमध्ये केलेब फिलिप्स आणि ईथन वेल्टी या दोघांनी २०१३ मध्ये सुरू केला, ना नफा तत्त्वावर चालतो, आणि आता जगभरातल्या लाखो जागा त्यात आहेत. नुसतं बघायचं असेल तर अकाउंट लागत नाही, हल्ली साधं काही बघायचं म्हटलं तरी आधी ईमेल द्या फोन द्या सुरू होतं, त्यामानाने हे फारच सुखाचं.

पहिल्यांदा उघडलं की डोळे दिपतात. एखाद्या मोठ्या शहरावर झूम करा, नुसते ठिपकेच ठिपके, वाटतं की बाहेर पडलं की पोतं भरून फळं. पण यातल्या बऱ्याच पिना झाडाखाली उभं राहून कुणी टाकलेल्या नाहीतच, त्या वेगवेगळ्या शहरांच्या वृक्षगणनेच्या याद्यांमधून एकगठ्ठा उचललेल्या आहेत. आयडिया हुशारीची आहे यात वाद नाही, शहरं आपल्या झाडांची जात आणि जागा नोंदवून ठेवतातच, मग त्यातल्या खाण्याजोग्या जाती बाजूला काढायच्या आणि नकाशावर टाकायच्या. गडबड अशी की वृक्षगणना करणाऱ्याला झाड मोजायचं असतं, फळ नाही. त्याला जात हवी, खोडाचा घेर हवा, याला फळ धरतं का, धरलं तर हाताला येतं का, आंबट की गोड, याच्याशी त्याला काही घेणंदेणं नसतं. आणि यादी जुनी असेल तर ते झाड कधीच जाऊन तिथे पार्किंग झालेलं असू शकतं.

तुतीचंच बघा. तुतीत नर झाडं वेगळी असू शकतात, आणि रस्त्याकडेला लावायला मुद्दाम फळ न धरणाऱ्या जाती कलम करून वाढवतात, कारण फुटपाथवर आणि गाड्यांवर पडलेले जांभळे डाग कुणालाच नको असतात. यादीत मात्र दोघींची नोंद तुती म्हणूनच. म्हणजे पिन बघून तुम्ही पोचता, झाड आहे, पानं आहेत, सावलीही झकास, फळाचा पत्ता नाही आणि जन्मभर त्या झाडाखाली बसलात तरी मिळणार नाही. पपईचंही तसंच, लांब देठाला फुलांचे झुपके लोंबताना दिसले की समजायचं हे नर झाड, इथे फारशी आशा नको. कॅलेरी पेअर म्हणून एक शोभेचं झाड आहे, नावात पेअर आहे, पांढऱ्या फुलांनी भरून जातं, पण फळं मण्याएवढी नि कडक.

यावर उपाय नकाशातच आहे, पण तो बऱ्याच जणांना सापडत नाही म्हणून लिहितेय. फिल्टरमध्ये वृक्षगणनेच्या पिना बंद करायची सोय आहे, ती आधी बंद करा. ठिपके एकदम विरळ होतात, काही भागांत दोन-चारच उरतात आणि जरा हिरमोड होतो, पण जे उरतं ते कुणीतरी स्वतः बघून टाकलेलं असण्याची शक्यता कितीतरी जास्त. शिवाय फळाच्या नावाने पण गाळता येतं. मला लाखभर झाडं नको आहेत हो, चालत जाता येईल अशी चार खरी झाडं पुरेत.

खरा जीव आहे तो प्रत्येक पिनखालच्या अनुभवांमध्ये. तिथे लोक फोटो टाकतात, झाड फुलावर आहे की कच्ची फळं आहेत की पिकलीत ते नोंदवतात, किती लागलीत आणि चव कशी याला मार्क देतात. एका ताज्या नोंदीची किंमत शंभर नुसत्या पिनांपेक्षा जास्त, आणि माझा एक स्टार इथेच गेला, कारण बहुतेक पिनांखाली काहीच लिहिलेलं नसतं. यात नकाशा बनवणाऱ्यांचा दोष काढण्यात अर्थ नाही, रकाने त्यांनी दिलेत, भरायचे आपणच असतात आणि आपण फळं खातो नि घरी जातो. हंगामाचे महिने लिहायचीही जागा आहे. तेवढं बघताना नोंद त्याच भागातली आहे ना याची खात्री करा, इंटरनेटवर वाचलेले महिने भलत्याच देशाचे असतात आणि विषुववृत्त ओलांडलं की हंगाम चक्क उलटा होतो.

आता हा नकाशा नक्की कशासाठी भारी, तर जी फळं दुकानापर्यंत पोचतच नाहीत त्यांच्यासाठी. सफरचंद केळी शोधायला नकाशा कशाला. पण तुती पिकली की इतकी नाजूक होते की पेटीत भरून पाठवायची म्हटली तर रस्त्यातच लगदा होईल. अशा फळांना झाडापर्यंत जाऊनच खावं लागतं. त्यात तुती एकदम पिकत नाही, एकाच फांदीवर हिरवी, लाल आणि काळी अशी तिन्ही दिसतात आणि हा कार्यक्रम काही आठवडे चालतो. काळ्या जातीचं पिकलेलं फळ बोट लावलं की अलगद हातात येतं, ओढावं लागलं तर ते अजून झालेलं नाही, सोडून द्या, कच्च्या फळाने आणि त्या पांढऱ्या चिकाने पोट बिघडू शकतं. सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे खाली जुनी चादर धरायची आणि फांदी हलकेच हलवायची, पिकलेलं तेवढंच पडतं. कपडे मात्र जुने घाला, तो डाग जात नाही म्हणजे नाही.

मला सगळ्यात जास्त आवडलेला रकाना मालकीचा. पिन टाकताना विचारलं जातं की झाड तुमचं आहे का, मालकाने परवानगी दिलीय का, सार्वजनिक जागेत आहे का, खाजगी जागेतलं पण फांदी बाहेर आलेली आहे का, की पूर्ण खाजगी आहे म्हणजे विचारल्याशिवाय हात लावू नका. गल्लीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे कधीच होत नाही, तिथे कुणीतरी फोटो टाकतं आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी कुंपणाजवळ झुंबड. बाहेर आलेल्या फांदीवर तर लोकांचा फारच विश्वास असतो, रस्त्यावर आली म्हणजे सगळ्यांची. तसं नसतं. इंग्लंडमध्ये शेजारच्याची फांदी तुमच्या हद्दीत आली तर ती छाटता येते, पण छाटलेली फांदी आणि तिच्यावरची फळं दोन्ही झाडाच्या मालकाचीच. जर्मनीत उलट, शेजाऱ्याच्या झाडाचं फळ आपणहून तुमच्या जागेत पडलं तर ते तुमचं, पण हाच नियम सार्वजनिक रस्त्याला मात्र लागू नाही, आता बोला. तेव्हा आपल्या इथला नियम माहीत नसेल तर सरळ बेल वाजवून विचारा. भरलेल्या झाडाचा मालक बहुतेक वेळा खूशच होतो, कारण सडलेली फळं झाडून त्याची कंबर मोडलेली असते.

अर्धा स्टार कापला तो ओळखीसाठी. पिन टाकणाऱ्याने झाड बरोबर ओळखलंय याची हमी कुणीच देत नाही, देऊ शकणारही नाही. मग लोक फोटोवरून ओळखणारं ॲप काढतात. यातलं एक ॲप, नाव घेत नाही, एकाच झाडाच्या पानाच्या फोटोला एक नाव सांगतं आणि फळाच्या फोटोला दुसरंच, दोन्ही वेळा तेवढ्याच ठामपणे. प्लँटनेट त्यातल्या त्यात बरं, कारण ते एकच उत्तर तोंडावर न मारता शक्यतांची यादी देतं आणि फोटो पानाचा, फुलाचा, फळाचा की सालीचा हेही बघतं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर माणसं एकमेकांनी सांगितलेली झाडांची ओळख तपासतात, वेळ लागतो पण मला ते जास्त पटतं. हे सगळं किती ताणायचं याचं उत्तर पिवळ्या कण्हेरीकडे बघून मिळतं, हिरवं गुळगुळीत फळ दिसायला अगदी साधं, आणि त्यातलं बी हृदयाचे ठोके बिघडवतं. मोगली एरंडाच्या बिया तर चवीला बऱ्या लागतात म्हणतात, मुलांना विषबाधा होते ती त्यामुळेच. स्वतःला शंभर टक्के ओळखता येत नसेल तर तोंडात नाही, विषय संपला.

रस्त्यावरच्या धुळीचं विचाराल तर फळात मातीतलं शिसं पालेभाजी आणि कंदांच्या मानाने कमी उतरतं, वरची धूळ हा मोठा भाग, म्हणून धुणं आलंच. मला धुळीपेक्षा फवारणीची भीती जास्त, ती नकाशावर दिसत नाही.

दुसरे पर्याय आहेत. जर्मनीत मुंडराउब नावाचा असाच नकाशा २००९ पासून आहे, तिकडे राहणाऱ्यांनी तो आधी बघावा. आयनॅचरलिस्ट मुळात निसर्गनोंदींसाठी आहे, तिथे झाड मिळेल पण फळ पिकलं का ते शोधायला बसावं लागेल, आणि धोक्यातल्या जातींची नेमकी जागा तिथे मुद्दाम लपवतात.

तुम्ही पिन टाकणार असाल तर कृपा करून नुसतं "तुती, छान आहे" लिहू नका. असं काहीतरी लिहा: "बागेच्या मागच्या फाटकातून आत शिरल्यावर उजवीकडे दुसरं झाड, काळी तुती, खालच्या फांद्या मुलांच्या हाताला येतात, खाली कुत्री फिरवतात म्हणून जमिनीवरची घेऊ नका, शेजारचं तसंच दिसणारं झाड नर आहे." चार ओळी झाल्या, पण पुढच्या माणसाची चक्कर वाचली. आणि जिथे पिन आहे पण झाड नाही तिथून नुसतं चरफडत परत येऊ नका, पिनवरच चूक कळवायची सोय आहे, तिथे उभे असतानाच कळवून टाका, घरी गेल्यावर कुणी करत नाही.