ड्युनालिएला की क्लॅमिडोमोनास?

एमएस्सीच्या प्रकल्पापाशी भाची अडली आहे: खारटपणाचा ताण शैवाल कसा ओळखतं, हे कोणावर पाहू, मामा?

ड्युनालिएला आणि क्लॅमिडोमोनास, दोन्ही एकपेशीय हिरवी शैवालं. डोळ्यांनी बघायचं तर ड्युनालिएला सलायना. तिला कडक पेशीभित्तिका नाही. काचपट्टीवर मिठाचं पाणी वाढवलं की पेशी बघता बघता आकसते. आकारातला हा बदलच पहिला इशारा, असं मानतात. मग स्टार्च मोडून ग्लिसरॉल, म्हणजे पाणी आत धरून ठेवणारा पदार्थ, बनतं आणि काही तासांत पेशी पुन्हा टपोरी! मिठागराच्या जवळजवळ संपृक्त पाण्यातही ती तगते. फक्त सेंट्रिफ्यूज (पेशी तळाला बसवणारं गरगर फिरणारं यंत्र) जोरात फिरवू नकोस, फुटते बिचारी.

क्लॅमिडोमोनास गोड्या पाण्यातली, तिची लढाई उलटी. दोन आकुंचनशील रिक्तिका, म्हणजे पाणी उपसणाऱ्या इवल्या पिशव्या, आत शिरलेलं पाणी सतत बाहेर फेकतात. मीठ वाढलं की ग्लिसरॉल तीही बनवते, पण ते बरंचसं बाहेर गळतं. थोड्याशाच मिठात पेशी गठ्ठे करून बसतात.

देखभालीला ड्युनालिएला सोपी. एवढ्या मिठात परके जंतू फारसे टिकत नाहीत. जनुकांच्या कामात मात्र क्लॅमिडोमोनास कितीतरी पुढे: जीनोम, म्हणजे तिच्या डीएनएचा क्रम, २००७ पासून हाताशी, जनुक बिघडलेले उत्परिवर्तित वाणही तयार मिळतात.

तीन महिने आणि एक सूक्ष्मदर्शक एवढंच असेल तर ड्युनालिएला घे. एखादं जनुक बिघडवून इशाऱ्याचा माग काढायचा असेल तर क्लॅमिडोमोनास.