बारा वर्षांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घरचा कॉम्प्युटर 2013 चा. आय-3 प्रोसेसर, 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क. गेल्या पावसाळ्यात त्याची अवस्था अशी झाली होती की बटण दाबून चहा ठेवायचा आणि चहा गाळून आणला तरी पडदा पूर्ण उघडलेला नसायचा. दुरुस्तीवाल्याने दोन मिनिटांत निकाल दिला: विंडोज 10 चे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबणार, विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आणि निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, तुमच्यात दोन्ही नाही, तेव्हा नवीन घ्या. नाहीतर पाचशे रुपयांत तो ‘काहीतरी टाकून’ देणार होता. ते काहीतरी म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं आणि ते मला नको होतं. बँकेचे व्यवहार, सोसायटीचे हिशेब, मुलीचे शाळेचे प्रोजेक्ट, सगळं याच मशीनवर. त्यावर चोरीची प्रणाली चालवायची म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली शेजारच्या टपरीवर ठेवण्यासारखं. वर्षभराची मुदतवाढ घेता येत होती, पण मशीनचा संथपणा त्याने जाणार नव्हता.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. गणपतीच्या सुट्टीत तो आला तेव्हा आम्ही दोघांनी बसून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकली. त्याआधी हार्ड डिस्क काढून 256 जीबीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली आणि रॅम 8 जीबी केली. दोन्ही मिळून तीन हजारांच्या आत झालं. प्रणालीचा आणि पुढे सांगते त्या एकाही सॉफ्टवेअरचा एक रुपयाही पडला नाही. आता नऊ महिने घरातले चौघेही रोज तेच वापरतोय, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मशीन अर्ध्या मिनिटात सुरू होतं. याचं बरंचसं श्रेय एसएसडीचं आहे, हे आधी सांगते. कोणतीही प्रणाली ठेवा, जुन्या मशीनवर पहिला खर्च एसएसडीचाच करा. पण मिंटचाही वाटा आहे. पाठीमागे गुपचूप चालणारं, मधूनच डिस्क खाणारं असं त्यात फारसं काही नाही, आणि अपडेट कधी करायचे ते आपण ठरवतो. आमची 22 ची मालिका आहे, तिला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मिंटचे वेगवेगळे अवतार मिळतात. आम्ही सिनॅमन घेतला; ज्यांची रॅम 4 जीबीच आहे त्यांनी एक्सएफसीई घ्यावा, तो हलका आहे. खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ, मांडणी ओळखीची. सासूबाईंना दुसऱ्या दिवशी काही बदललंय हे फक्त रंगावरून कळलं.

आता खरा विषय, मराठी. आमच्या घरात कॉम्प्युटरवर निम्म्याहून जास्त काम मराठीत होतं आणि मला भीती त्याचीच होती. प्रत्यक्षात इनस्क्रिप्ट या देवनागरीच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीसाठी काहीच बसवावं लागलं नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट या भागात मराठी एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट निवडलं की झालं. मी इनस्क्रिप्टवालीच आहे. ‘दऱ्या’ लिहिताना शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ येतो, मग डी वर पाय मोडायचा आणि पुढे य. हे हाताला एकदा बसलं की विचार करावा लागत नाही. मुलीला मात्र इंग्रजी अक्षरं वापरून मराठी लिहायची सवय. तिच्यासाठी आयबस हे टायपिंगच्या पद्धती बदलून देणारं सॉफ्टवेअर आणि त्याबरोबरचं एम17एन हे पॅकेज टाकलं. त्यात फोनेटिक आहे आणि आपल्याकडे जुन्या लोकांना ठाऊक असलेली ‘गमभन’ची पद्धतसुद्धा आहे. ती यादीत दिसली तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

लिबरऑफिसबद्दल, म्हणजे मायक्रोसॉफ्ट ऑफिससारख्या मोफत संचाबद्दल, थोडं जास्त लिहिते, कारण लोक ते उघडतात, मराठीचा अक्षरआकार बदलायला जातात, तो बदलत नाही आणि वैतागून सोडून देतात. कारण साधं आहे. लिबरऑफिस इंग्रजीसाठी एक फॉन्ट धरतं आणि देवनागरीसाठी वेगळा, दोघांचे आकारही वेगळे. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये भाषांचा भाग आहे, तिथे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (सीटीएल) सुरू करायचं आणि भाषा मराठी निवडायची. मग लिबरऑफिस रायटर या लेखनाच्या भागाच्या नावाखाली बेसिक फॉन्ट्स सीटीएल असं लिहिलेलं आहे, तिथे आपल्या आवडीचा देवनागरी फॉन्ट आणि आकार ठरवून टाकायचा. पाच मिनिटांचं काम, पण ते एकदा केलंच पाहिजे. भाषा मराठी निवडण्याचा आणखी एक फायदा असा की नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टात मग आपला पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप दिसतो, 2009 च्या शासन निर्णयात प्रमाण धरलेला. भाषा हिंदी राहिली तर हिंदी वळणाचा ल येतो. शाळेचा अहवाल छापताना हा फरक डोळ्यांत भरतो.

याच रायटरमध्ये आमचं यंदाचं सर्वांत मोठं काम झालं. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, यांनी 2004 मध्ये आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहून डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतला होता. एकशे चाळीस पानं. छापील प्रत एकच उरली होती, ती वाळवीने खाल्लेली. सीडी मात्र शाबूत होती. फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि चिन्हं. अण्णा माझ्या मागे खुर्चीवर बसले होते. “गेलं का सगळं?” एवढंच त्यांनी विचारलं.

गेलं नव्हतं. त्या काळच्या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी आकार बसवलेला असायचा. तो फॉन्ट नसला की मागचं इंग्रजी अक्षर उघडं पडतं. भाच्याने फॉन्ट कोणता ते शोधलं आणि मजकूर परिवर्तक सॉफ्टवेअरमधून युनिकोड या आजच्या सर्वमान्य पद्धतीत आणला. नव्वद टक्के मजकूर एका झटक्यात वाचता यायला लागला. उरलेल्या दहा टक्क्यांनी मला तीन आठवडे बसवलं. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. परिवर्तकाने बहुतेक ठिकाणी हे सांभाळलं, पण जोडाक्षर आलं की गडबड. ‘स्थिती’चं ‘सि्थती’. असे शब्द तुम्हीही पाहिले असतील, त्यांचा उगम इथे आहे. शोधा-बदला वापरून ‘सि्थ’च्या जागी ‘स्थि’ एकदम सगळीकडे केलं, मग तसंच इतर जोडाक्षरांचं. शेवटी छापील प्रत शेजारी ठेवून अण्णा मोठ्याने वाचत आणि मी पडद्यावर बघत, असं सगळं तपासलं. मराठी शुद्धलेखन तपासणीचा विस्तार लिबरऑफिसला जोडता येतो, त्याची मदत झाली, पण गावांची आणि माणसांची नावं त्याला कुठून ठाऊक असणार? ती अण्णांनाच विचारावी लागली. छपाईला देताना फाइल न देता पीडीएफ दिली. लिबरऑफिस पीडीएफमध्ये फॉन्ट आतच भरून देतं, त्यामुळे छापखान्यात काही हललं नाही.

बाहेरून येणाऱ्या वर्डच्या फाइल लिबरऑफिसमध्ये नीट उघडतात. मायक्रोसॉफ्टचा कॅलिब्री फॉन्ट नसला तर त्याच मापाचा कार्लितो वापरला जातो, कॅम्ब्रियाच्या जागी कॅलाडिया, म्हणून ओळी तिथल्या तिथेच तुटतात. चौकटी आणि चित्रांची गर्दी असलेली फाइल मात्र विस्कटते, विशेषतः शाळेतून येणारी प्रेझेंटेशनं. सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशेब मी लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये, म्हणजे त्यातल्या एक्सेलसारख्या भागात, ठेवते. साठ फ्लॅटचा हिशेब, सूत्रं, थकबाकीची यादी, कुठे अडलं नाही. पण एक्सेलमधले मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या छोट्या आज्ञावली) वापरणाऱ्यांनी आधी पडताळून पाहावं, सगळे चालत नाहीत.

ऑडॅसिटी हे आवाज ध्वनिमुद्रित करण्याचं आणि संपादनाचं सॉफ्टवेअर. आमच्या आजेसासूबाई जात्यावर ओव्या म्हणत. 1991 मध्ये अण्णांनी टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून त्या भरून घेतल्या होत्या, साठ मिनिटांच्या दोन कॅसेट. टेपरेकॉर्डरच्या इयरफोनच्या भोकातून साधी वायर काढली, सीपीयूच्या मागच्या निळ्या भोकात लावली, ऑडॅसिटीत मोनो निवडलं आणि लाल बटण दाबलं. कॅसेट वाजते तेवढाच वेळ लागतो, घाई करता येत नाही. आवाज इतकाच ठेवायचा की पट्टी लाल होणार नाही. एकदा आवाज फाटला की तो पुन्हा सांधता येत नाही.

मग खरखर काढायला बसले. ऑडॅसिटीत नॉइज रिडक्शन आहे: जिथे कोणी बोलत नाही असा दोन-तीन सेकंदांचा तुकडा दाखवायचा, ते त्यावरून खरखर ओळखतं आणि सगळ्या मुद्रणातून वजा करतं. मी दोन ओव्यांमधला तुकडा निवडला. ऐकलं तर आवाज स्वच्छ, अगदी स्वच्छ, आणि काहीतरी हरवलेलं. सासूबाई म्हणाल्या, “जातं कुठं गेलं?” दोन ओव्यांमध्ये जात्याची घरघर होती, आणि सॉफ्टवेअरने तीच खरखर समजून पुसून टाकली होती. पूर्ववत केलं, कॅसेटच्या अगदी सुरुवातीचा, दळण सुरू होण्याआधीचा तुकडा निवडला आणि प्रमाणही निम्मं ठेवलं. आता फितीची खरखर थोडी आहे, जातंही आहे. मूळ मुद्रण आधी वेगळं साठवून ठेवलं होतं म्हणून हे जमलं, तुम्हीही तसंच करा. साठवताना एमपी3 मध्ये नको, फ्लॅक या प्रकारच्या फाइलमध्ये ठेवा. मोनोत अर्ध्या तासाच्या एका बाजूला साधारण दीडशे एमबी लागतात, फ्लॅकमध्ये ते बरेच कमी होतात आणि आवाजातलं काहीही गळत नाही.

व्हिडिओ चालवणाऱ्या व्हीएलसीबद्दल नव्याने काय सांगू, नारिंगी शंकू सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पॅरिसजवळच्या एका कॉलेजातल्या मुलांनी 1996 मध्ये सुरू केलेलं काम आजही फुकट आणि जाहिरातींशिवाय मिळतं. आमची लग्नाची डीव्हीडी दुसऱ्या कशात चालत नव्हती, यात चालली. जिंप हे फोटो संपादनाचं सॉफ्टवेअर मी फोटोचा पासपोर्ट आकार काढण्यापुरतंच वापरते.

पासवर्डसाठी कीपासएक्ससी घ्या, हे मात्र आग्रहाने सांगते. अण्णांचे सगळे पासवर्ड डायरीच्या शेवटच्या पानावर होते, पेन्शन खात्याचासुद्धा. आता सगळे एका कुलूपबंद फाइलमध्ये आहेत, ती आपल्याच मशीनवर राहते, कोणाच्या सर्व्हरवर जात नाही. मुख्य पासवर्ड एकच लक्षात ठेवायचा, तो विसरला तर कोणीही फाइल उघडून देणार नाही. आम्ही तो कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला आहे.

दिवाळीत एकदा ग्राफिक्सचं काहीतरी नको ते टाकलं आणि पडदा काळा झाला. मिंटबरोबर टाइमशिफ्ट येतं, ते एकदा लावून ठेवलं की प्रणालीची आदल्या दिवशीची स्थिती जपून ठेवतं. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं, टाइमशिफ्ट उघडलं, कालची तारीख निवडली, पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत. पण नीट लक्षात घ्या, टाइमशिफ्ट प्रणाली जपतं, तुमचे फोटो आणि कागदपत्रं जपत नाही. माझ्या चुलत जावेने माझं ऐकून मिंट टाकलं आणि मी हे तिला सांगायला विसरले. डिस्क गेली तेव्हा तिच्याकडे दोन वर्षांचे फोटो फक्त तिथेच होते. त्याची मला अजून बोच आहे. फोटोंची प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच, दर रविवारी.

अडचणीही सांगते. आमचा जुना लेझर प्रिंटर, एका नामांकित कंपनीचा, चालू करायला दोन दिवस गेले, आणि आजही तो बंद करून लावला की कधीकधी ओळखत नाही. प्रिंटर कोणता आहे यावर सगळं आहे, भाच्याकडचा तर वायर जोडताच चालला. टॅलीवर ज्यांचा धंदा चालतो किंवा ज्यांना डिजिटल सहीचं डोंगल रोज लागतं, त्यांनी विंडोज सोडू नये. माझ्या भावाला मी हेच सांगितलं, त्याचं दुकान आहे. त्याने विंडोजच ठेवून लिबरऑफिस, व्हीएलसी, ऑडॅसिटी आणि कीपासएक्ससी घेतलं, ही सगळी तिथेही चालतात. फक्त प्रत्येक सॉफ्टवेअर त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा. शोधात वर येणारी मोठी हिरवी डाउनलोड बटणं बऱ्याचदा भलतंच काही गळ्यात घालतात. मिंटमध्ये हा प्रश्न येत नाही, सगळं त्याच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये मिळतं.

आणि लगेच काही पुसू नका. 8 जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, विंडोजवर रूफस या छोट्या मोफत सॉफ्टवेअरने मिंट त्यावर चढवा आणि मशीन त्यावरून सुरू करा. डिस्कला हात न लागता पूर्ण मिंट समोर येतं, थोडं संथ चालतं इतकंच. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर ओळखतोय का, ‘दऱ्या’ लिहिता येतंय का, हे चार तास बसून बघा. नाही पटलं तर पेनड्राइव्ह काढून मशीन पुन्हा सुरू करा, तुमचं जुनं विंडोज जसंच्या तसं असेल.