किनवटचा पलंग आणि अर्ध्या तिकिटाचे गुरुजी

वसमतला विहीणबाईंनी पलंगाखालून झाडू फिरवला आणि सुपलीत जे आलं ते बेसनासारखं होतं. पिवळसर, मऊ, बोटाला चिकटणारं. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. सुपली माझ्यासमोरून मोरीकडे नेली, एवढंच. श्रावणातला सोमवार होता, मी लेकीला भेटायला गेले होते. तो पलंग आम्ही तीनच महिन्यांपूर्वी तिच्या आंदणात दिला होता, 'अस्सल किनवटचं सागवान' असं मांडवात चार जणांना सांगून.

नांदेडात लहानपणापासून ऐकलेलं असतं की सागवान घ्यायचं तर किनवटचं. ते खोटं नाही. पैनगंगेच्या अंगाचे ते डोंगर सागाचेच आहेत. आमच्या सासऱ्यांनी घेतलेली किनवटची खुर्ची अजून पडवीत आहे, तिची फक्त वेताची बैठक दोनदा बदलली. त्यामुळे लेकीचं लग्न ठरलं तेव्हा नांदेडच्या शोरूममधल्या चकचकीत कपाटांकडे मी बघितलंसुद्धा नाही. संक्रांत झाल्यावर एका रविवारी आम्ही दोघं नांदेडच्या स्टँडवरून किनवटच्या लालपरीत बसलो. माझं अर्धं तिकीट, यांचं पूर्ण. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत निम्मं भाडं झालं, तेव्हापासून हे दर वेळी कंडक्टरसमोर उसासा टाकतात.

भोकरला एक गृहस्थ चढले आणि आमच्या तिघांच्या सीटवर कडेला बसले. पांढरा नेहरू शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात कापडी पिशवी. त्यांनी आधारकार्ड दाखवलं आणि त्यांनाही अर्धं तिकीट मिळालं, ज्येष्ठांचं. "ताई, तुमची आमची एकच रांग," असं म्हणून हसले. बोलण्यात आलं की जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत. मग आम्ही त्यांना गुरुजी म्हणायला लागलो. त्यांनी सांगितलं नव्हतं तसं म्हणायला.

इथून पुढचं नीट वाचा, कारण आमची फसवणूक दुकानात झाली नाही, ती बसमध्ये झाली. हिमायतनगर येईपर्यंत त्या माणसाने आम्हाला कुठं जायलाव, कशाला जायलाव, काहीही विचारलं नाही. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं, भाषावार प्रांत झाले तेव्हा नांदेडला आलं, म्हणून बाजारात तेलुगू, गोंडी, गोरमाटी सगळं ऐकू येतं, हे सांगितलं. सहस्रकुंडाचा धबधबा पावसाळ्यात बघा म्हणाले. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, ती घेतली, आणि पिशवीतून दोन पेरू काढून मला दिले. फर्निचरचा विषय यांनीच काढला.

तेव्हा गुरुजींचा चेहरा जरा गंभीर झाला. "एक सांगू का? स्टँडवर उतरलात की पोरं मागे लागतील. आमचं दुकान, आमचं दुकान करतील. कुणाच्या नादी लागू नका. कमिशनवर जगतात ती. आणि लाकूड कोरं बघितल्याशिवाय, पॉलिश केलेल्या मालाला हात लावू नका."

ज्याने ठगांपासून सावध केलं तोच ठग असेल, हे मनात यायला माणूस फारच वाईट मनाचा असावा लागतो. मी विचारलं, "मग गुरुजी, तुमच्या ओळखीचं कुणी?" ते नको म्हणाले. "उद्या काही कमी-जास्त झालं तर माझं नाव यायचं." मी पुन्हा विचारलं. इस्लापूर गेल्यावर हेही विचारायला लागले. शेवटी किनवट दिसायला लागलं तेव्हा ते कुरकुरत तयार झाले: एक जुना विद्यार्थी आहे, पाच मिनिटं येतो, पण भाव तुम्ही करा, मी मध्ये पडणार नाही. आम्ही त्यांच्यामागे लागलो होतो. त्यांनी आम्हाला काहीच विकलं नाही.

स्टँडवर दोन पोरं खरोखरच पुढे आली. गुरुजींनी त्यांना हाताने उडवून लावलं. आज वाटतं, ती पोरं बिचारी खऱ्या दुकानांची असतील.

दुकानदाराने गुरुजींच्या पायाला हात लावला. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सागाच्या फळ्या रचलेल्या होत्या आणि त्या सागाच्याच होत्या, यात शंका नाही. त्याने एका फळीवर रंधा मारून भुसा माझ्या हातावर ठेवला. सागाला नव्या चामड्यासारखा वास येतो, हात तेलकट होतो. दोन्ही झालं. फळीवर पाणी ओतलं तर ते पटकन मुरलं नाही. मग तो म्हणाला, "साहेब, माझ्यावर विश्वास ठेवू नका. या फळीवर सही करा. पलंग आला की सही शोधा." यांनी बॉलपेनने मोठी सही केली, खाली तारीख टाकली. मला तर त्याचं कौतुकच वाटलं.

पलंग सहा बाय साडेसहा, दोन दारांचं कपाट आणि आरशाचं टेबल. मिळून ८४,००० रुपये. पलंगालाच त्याने हिशेबात अकरा घनफूट लाकूड लावलं. लाकडाचं गणित तोंडपाठ ठेवा, सोपं आहे: लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिन्हींचा गुणाकार, भागिले १४४. सहा फूट लांब, सहा इंच रुंद, दोन इंच जाड फळी म्हणजे अर्धा घनफूट. या हिशेबाने आमचा पलंग सहाच्या आत-बाहेर भरतो, हे मला नंतर आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींनी टेप लावून दाखवलं. हे बँकेत होते, हिशेबात हुशार. त्या दिवशी गुणाकार करायचं त्यांना सुचलं नाही, कारण गुरुजी बाजूला चहा पीत बसले होते आणि त्यांच्यासमोर घासाघीस करणं बरं दिसलं नसतं.

पक्कं बिल मागितलं तर दुकानदार म्हणाला, जीएसटी १८ टक्के लागेल, तुमचेच पंधरा हजार वाढतील. आम्ही कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानलं. चिठ्ठीवर 'पलंग १, कपाट १, टेबल १, जमा ५०,०००' एवढंच. लाकूड कोणतं, ते नाही. दुकानाचं नावसुद्धा नाही, वर नुसता गणपती छापलेला. पन्नास हजार यूपीआयने टाकले ते "पोराच्या" खात्यावर, आणि मोबाईलवर जे नाव आलं त्याचं आडनाव दुकानदाराच्या आडनावाशी जुळत नव्हतं. मी ते वाचलं. वाचून गप्प बसले. हे माझं मला अजून टोचतं.

गुढीपाडव्याला द्यायचा माल अक्षय्य तृतीयेपर्यंत आला नाही. लग्नाला आठवडा राहिला तेव्हा फोन आला: टेम्पो वनखात्याच्या नाक्यावर अडवलाय, टीपी नाही, १२,००० भरले नाहीत तर माल जप्त होईल. टीपी म्हणजे वाहतुकीचा पास. जंगलातलं लाकूड एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायला तो लागतो, हे या भागात सगळ्यांना माहीत असतं, म्हणूनच ही थाप पटते. आपल्याला नियमाचं अर्धं ज्ञान असतं आणि लग्न तोंडावर असतं. आम्ही बारा हजार टाकले, त्याच खात्यावर. माझ्या मावसभावाने नंतर चौकशी केली, त्या आठवड्यात तसा कुठलाच टेम्पो अडवलेला नव्हता. आणि पास घेणं हे विकणाऱ्याचं काम, ते पैसे आम्ही का द्यायचे, हा प्रश्न विचारायला तेव्हा घरात कुणाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. निम्मे पाहुणे आले होते.

माल रात्री साडेनऊला आला, पुठ्ठे आणि गोणपाटात गुंडाळलेला. ड्रायव्हरला परतायची घाई. यांनी टॉर्च लावून पलंगाच्या डोक्याकडची फळी मागून बघितली. सही होती! तारीखसुद्धा. आम्ही उरलेले ३४,००० देऊन टाकले आणि त्या पोरांना बुंदीचे लाडू दिले.

श्रावणात वसमतहून परतल्यावर मी मिस्त्रींना घेऊनच पुन्हा तिकडे गेले. त्यांनी पलंग उलटा केला, पटाशीने खालच्या बाजूला चार ठिकाणी खरवडलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"ताई, सही केलेली फळी खरी हाय. तेवढीच. हे पाय सागाचेच हायत, पण पांढरं लाकूड हाय, कोवळ्या झाडाचं. गेरू चोळून लाल केलंय. आन् ह्या पट्ट्या आंब्याच्या."

मग त्यांनी समजावलं. सागाला वाळवी लागत नाही म्हणतात ते आतल्या गाभ्याबद्दल. सालीलगतचा पांढुरका भाग भुंग्याला फार आवडतो, तो टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पाडतो आणि पिठासारखी पूड खाली सांडते. पावसाळ्याच्या दमट हवेत ते जास्त दिसून येतं. सांध्यांच्या फटींत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली होती, वरून लाखेचं घट्ट पॉलिश. कपाटाची पाठ प्लायची, तीही आतून सुटलेली. फर्निचर घेताना लोक वरचा चकचकीत भाग कुरवाळतात. तुम्ही कपाट पुढे ओढून पाठ बघा, खण पूर्ण बाहेर काढून त्याचा तळ बघा, पलंगाच्या खाली झोपा. लाजू नका. कोरं करून घ्या आणि पॉलिश आपल्या दारात, आपल्या माणसाकडून मारा. माल रात्री आला तर ट्रकवरच राहू द्या, सकाळी उतरवा.

पोळा झाल्यावर आम्ही किनवटला गेलो. शेडला कुलूप, पाटी काढलेली. शेजारच्या टायरवाल्याने हात वर केले. स्टँडजवळच्या चहावाल्याला मी गुरुजींचं वर्णन सांगितलं तर तो हसायलाच लागला.

"मास्तर व्हय? ते कुठले मास्तर. लग्नसराईच्या आधी दोन-तीन महिने येतेत. सकाळच्या गाडीनं भोकरला जातेत अन् नांदेडच्या गाडीत बसून माघारी येतेत. जे गिऱ्हाईक घावलं त्याचं त्याहिला मिळतंय."

अर्ध्या तिकिटात येऊन-जाऊन धंदा. पेरूचे पैसे काढून टाकले तरी स्वस्तच पडत असेल.

त्याच चहावाल्याने आम्हाला गावातल्या एका म्हाताऱ्या सुताराकडे पाठवलं. मी आता कुणावरच विश्वास ठेवायच्या मनःस्थितीत नव्हते, तरी गेले. त्याने आमची गोष्ट ऐकून घेतली आणि स्वतःच्या वहीत लिहिलेली जुनी बिलं दाखवली: गिऱ्हाइकाचं नाव, लाकूड कोणतं, किती घनफूट, मजुरी वेगळी. "पाटीवरच्या नावाला पैसे द्यायचे, माय. माणसाच्या नावाला नाही." गावाला शिव्या देत आले होते, त्याच्या दारात ओशाळले.

तक्रारीचं सांगते, कारण विचारणारे बरेच आहेत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तिथे मराठीत बोलता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, किनवटला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. हे सगळं चांगलं आहे. पण तिथल्या वकिलीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला: बिल? मी गणपतीची चिठ्ठी पुढे केली. स्पीड पोस्टाने पाठवलेली नोटीस 'पत्ता अपूर्ण' म्हणून परत आली. ज्याच्या खात्यावर पैसे गेले तो विशीतला पोरगा निघाला. म्हणतो, मी फक्त काढून दिले, हजारामागे वीस रुपये मिळाले. नाक्याच्या थापेचे बारा हजार गेले त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला असता तर काही अडलं असतं कदाचित. आम्ही चार महिन्यांनी केला. पोलिसांत अर्ज दिला आहे, आयोगात तारीख पडली आहे, ९६,००० पैकी अजून एक रुपया आलेला नाही. लेकीकडे आता लोखंडी पलंग आहे. विहीणबाई अजूनही काही बोललेल्या नाहीत.

मार्गशीर्षात माहूरच्या रेणुकेला जायचं होतं. तीच वाट, तीच लालपरी. भोकरला पांढरा नेहरू शर्ट चढला आणि आमच्या पुढच्या सीटवर एका जोडप्याशेजारी बसला. बाईच्या पिशवीतून मोजायची टेप डोकावत होती. माझ्या पोटात गोळा आला. हे म्हणाले, गप बस. हिमायतनगरच्या अलीकडे पुढून आवाज आला, "स्टँडवर पोरं मागे लागतील, ताई, कुणाच्या नादी लागू नका."

मी उभी राहिले आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं बोलले, "गुरुजी, पलंगाला भुंगा लागला हो."

त्यांनी मागे वळून पाहिलं. ओळखलं की नाही, सांगता येत नाही, इतका शांत चेहरा. हिमायतनगरला पिशवी घेऊन उतरून गेले. मी त्या बाईच्या शेजारी जाऊन बसले आणि सगळं सांगितलं: सही, गेरू, टीपी, पूड, आणि त्या म्हाताऱ्या सुताराचा पत्ता. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि म्हणाली, "बरं. अन् तुमचं किती कमिशन?"