सामूहिक सूतकताईसाठी पेटी चरखा: घेण्याजोगा आहे, पण चाती तपासून

२ ऑक्टोबरला, किंवा तिथीने भाद्रपद वद्य द्वादशीला म्हणजे चरखा द्वादशीला, शाळेत वा सोसायटीत सूतकताई ठेवायची तर पेटी चरख्याला आमची पहिली पसंती. २००७ साली संयुक्त राष्ट्रांनी २ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय अहिंसा दिन ठरवला, त्यामुळे हल्ली फलकावर तेही नाव असतं. पण चरखे नुसते हार घालून ठेवायचे असतील तर हे परीक्षण वाचायची गरज नाही.

गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात जो घडीचा चरखा सुधारून घेतला, त्याचंच हे रूप. बंद केला की सुमारे दीड फूट लांबीची लाकडी पेटी. आत मोठं चक्र, छोटं चक्र, चाती (जिच्या टोकावर सूत पिळलं जातं ती बारीक सळई) आणि सूत गुंडाळायचा घडीचा फाळका. मोठ्या चक्रावरून छोट्यावर जाड माळ (चक्र फिरवणारी दोरी) जाते, छोट्यावरून चातीवर बारीक. छोट्या चक्राखाली स्प्रिंग असते, ती माळेचा ताण सांभाळते. मांडणी एकदा दाखवली की शाळेतली मुलंही पाच मिनिटांत करतात.

खरी परीक्षा चातीची. विकत घेताना सूत न लावता मोठ्या चक्राची मूठ फिरवा आणि चातीच्या टोकाकडे बघा. टोक थरथरत असेल किंवा टकटक आवाज येत असेल तर चाती वाकलेली आहे. अशा चातीवर सूत तुटणारच, आणि नवशिक्याला वाटतं चूक आपल्या हाताची. पेटी बंद करताना चाती काढून तिच्या खाचेत ठेवायची असते. ती जागेवरच राहू दिली की झाकणाखाली वाकते. दुसरी चाती आणि दोन्ही माळा जादा घ्याव्यात.

माळ घसरत असेल तर तिला थोडं मेण किंवा राळ चोळा. तेल तिला अजिबात लागू देऊ नका. मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्यायचा तो चक्रांच्या आसांना आणि चाती जिथे टेकते तिथे. खोबरेल नको, चिकटा धरतो.

कातताना डाव्या हातात पेळू (पिंजलेल्या कापसाची लांबट वळी), उजव्या हातात मूठ. चातीला आधी वीतभर तयार सूत बांधून त्याला पेळूचे तंतू जोडायचे. पेळू चिमटीत घट्ट दाबला की धागा निघत नाही, सैल सोडला की गाठीसारखा जाड भाग येतो. हात दोन-अडीच फूट मागे गेला की तो थांबवून दोन-तीन फेरे जादा पीळ, मग मूठ किंचित उलटी फिरवून टोकावरचे वेढे सोडवायचे आणि सूत चातीवर गुंडाळायचं. पीळ कमी पडला तर धागा सुटून येतो, जास्त झाला तर स्वतःभोवतीच गुरफटतो. पावसाळ्यात पेळू दमट होतात आणि नीट ओढले जात नाहीत. आदल्या दिवशी त्यांना तासभर ऊन दाखवा. चार-पाच तासांच्या कार्यक्रमाला चरख्यामागे ५० ग्रॅम पेळू पुरतात.

वहीएवढा पुस्तकी चरखा प्रवासाला ठीक, पण हलका असल्याने मूठ फिरवताना सरकतो. खाली ओली चादर घातली तर थोडा थारा मिळतो, तरी नवशिक्यांच्या हाती देऊ नये. गर्दीसाठी आमचा हिशेब असा: तीन-चार पेटी चरखे आणि बाकीच्यांना तकल्या (हाताने फिरवायच्या सुट्या चात्या). तकली स्वस्त, वाटीत टेकवून फिरवता येते, आणि पीळ म्हणजे काय ते चरख्यापेक्षा तिच्यावर लवकर उमगतं. भेटवस्तूंच्या दुकानातले शोभेचे चरखे घेऊ नका. त्यांची चाती बहुधा नावापुरतीच असते.

नवशिक्यांचं जाडंभरडं सूत विणायला उपयोगी नसतं. ते फाळक्यावर घेऊन लडी करा, चार ठिकाणी दोऱ्याने बांधा: पाहुण्यांसाठी सूतमाळा तयार, फुलांच्या हारांचा खर्च वाचला.