भांडवली अनुदान घ्यावं की व्याजसवलत? छोट्या सप्लायरच्या बाजूने

मोठ्या कंपनीला माल देत असाल तर कार्बनचा फॉर्म, म्हणजे तुमच्या कारखान्यातून किती उत्सर्जन होतं हे विचारणारा, एव्हाना आला असेलच. त्यांच्या स्कोप ३ मध्ये, म्हणजे मालाच्या साखळीत इतरांकडे होणाऱ्या उत्सर्जनात, आपलं उत्सर्जन येतं, आणि ते मोजायच्या २०११ च्या जीएचजी प्रोटोकॉल स्टँडर्डमधल्या १५ कॅटेगऱ्यांत विकत घेतलेला माल पहिल्याच नंबरवर आहे. त्यात युरोपला स्टील, ॲल्युमिनियम जात असेल तर २०२६ पासून सीबॅमचा (आयात मालातल्या कार्बनवर युरोपने लावलेला आकार) पक्का टप्पा सुरू झालाय, तिकडचा आयातदार आकडे मागणारच. म्हणजे मशिनरी बदलायची हे ठरलेलंच, प्रश्न एवढाच की सरकारची मदत कुठल्या दाराने घ्यायची.

कागदावर अनुदानच भारी दिसतं. खर्चाचा एक भाग सरळ परत मिळतो, फेडायचा नाही. आणि गॅस बॉयलर काढून हीट पंप (विजेवर उष्णता देणारं यंत्र) बसवायचा असेल, म्हणजे पैसे वसूल व्हायला बरीच वर्षं लागणार असतील, तर मीही कदाचित अनुदानच बघेन.

पण मला नडली ती एक अट. मंजुरीच्या आधी पर्चेस ऑर्डर दिली की तुम्ही अपात्र. अशी अट बऱ्याच अनुदान योजनांत असते, आणि सरकारच्या बाजूने तिला कारणही आहे, मदतीशिवाय जे होणारच होतं त्याला पैसे कशाला द्यायचे. पण आमची फाईल पुढे सरकेना, तोवर कोटेशनची मुदत संपली, वेंडरने नवा रेट दिला, मग अर्जातला आकडा आणि कोटेशनचा आकडा जुळेना म्हणून परत क्वेरी, आणि इकडे जुना कॉम्प्रेसर रोज वीज खातोच आहे. वर पैसे मिळणार ते मशीन बसवून, तपासणी होऊन मग, म्हणजे तोपर्यंत बँकेचं कर्ज काढावंच लागतं.

कर्ज काढायचंच आहे तर व्याजसवलतीचं का नको, असं वाटलं आणि तिकडे वळलो. तिथेही कागद कमी नाहीत, ऊर्जेचं ऑडिट लागतं, बचत दाखवावी लागते. पण बँक जे बघते ते बहुतेक तेच कागद, आणि सवलत हप्त्यात दिसते. व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमीजास्त करणारा ड्राइव्ह), लिकेज दुरुस्ती, वेस्ट हीट म्हणजे वाया जाणारी उष्णता परत वापरणं, असल्या कामांना हे छान बसतं. पंख्याचा स्पीड २० टक्के उतरवला तर वीज जवळपास निम्मी होते, कॉम्प्रेस्ड एअरची २० ते ३० टक्के हवा नुसती गळतीत जाणं अगदी कॉमन आहे, त्यामुळे माझ्या बाबतीत तरी हप्त्याचा बराचसा भार बिलातल्या बचतीनेच उचलला.

ऑडिट फुकट किंवा सवलतीत मिळत असेल तर कुठलंही दार धरा, ते आधी करून घ्या, त्याच रीडिंग्जवर कंपनीचा फॉर्मही भरता येतो. तुमच्याकडचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून अनुदानाकडे जायचंच असेल तर ऑर्डर कधी दिलेली चालते आणि कोटेशन बदललं तर काय, ही दोन उत्तरं अर्जाआधी लेखी मागा. ती मिळायलाच वेळ लागला तर मी तरी बँकेत जाईन.