कबुली देऊन दंड भरायचा की केस लढवायची? साखळी टकरीत सापडलेल्या चालकासाठी

समन्स हातात पडलं की घरचे, ओळखीचे, अगदी कोर्टाच्या आवारातले लोकही एकच सांगतात: कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा. निपाणी-बेळगाव महामार्गावर तवंदी घाटात किंवा वंटमुरीच्या उतारावर चार गाड्या एकमेकांवर आदळल्या आणि त्यातली मधली गाडी तुमची असेल, तर हा सल्ला मानण्याआधी दोन्ही वाटा नीट बघा. माझं मत आधीच सांगतो. कुणाला इजा झाली असेल आणि चूक तुमची नसेल, तर कबुली देऊ नका. नुसता पत्रा चेपला असेल तर हिशेब वेगळा.

समन्सवर बहुधा भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ असतं. बेदरकारपणे गाडी चालवल्याचा हा गुन्हा, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड. कुणी जखमी असेल तर कलम १२५ लागतं. दुखापत गंभीर असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बऱ्याचदा सोबत मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ ही असतं, त्यात पहिल्या गुन्ह्याला हजार ते पाच हजार दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद. किरकोळ प्रकरणात कबुली दिल्यावर दंडावरच भागतं, म्हणून ही वाट सोपी वाटते. एका तारखेत काम होतं आणि वकिलाचा खर्चही फारसा येत नाही.

पण ट्रॅफिक पोलिसांनी जागेवर फाडलेल्या पावतीशी याची गल्लत करू नका. कोर्टात 'गुन्हा कबूल' म्हटलं की ती दोषसिद्धी होते आणि नोंदीवर राहते. बेळगाव भागातली कितीतरी पोरं सैन्यभरतीची, पोलीस भरतीची, एसटी किंवा परिवहन मंडळातल्या चालकाच्या नोकरीची तयारी करत असतात. त्या अर्जांमध्ये शिक्षेबद्दल विचारतात. हजार रुपयांत सुटायला जाऊन तिथे अडकू नये.

त्याहून मोठी गोष्ट पैशाची. जखमी माणूस किंवा मृताचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागतात. तिथे तुमची कबुली तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडली जाते. ती खोडून काढता येते, पण ओझं तुमच्यावर येतं. विमा चालू असेल तर इजेची भरपाई कंपनी देते. लायसन्स संपलेलं असेल किंवा विमा थकलेला असेल, तर तीच रक्कम चालकाच्या आणि मालकाच्या घरावर येऊ शकते. दंडाचा आकडा या सगळ्यात सर्वांत लहान असतो.

आता लढवण्याची वाट. इथे सरकार पक्षाला तुमचा निष्काळजीपणा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. अनेक गाड्यांच्या टकरीत ते सोपं नसतं, कारण प्रत्येक साक्षीदाराने आपापल्या काचेतून वेगळंच पाहिलेलं असतं. मोल द्यावं लागतं ते वेळेचं. तारखा पडत राहतात, साक्षीदार येत नाहीत, वकिलाची फी चालू राहते. निर्दोष सुटलात तरी न्यायाधिकरणावर तो निकाल बंधनकारक नसतो, ते आपल्यासमोरचा पुरावा स्वतंत्रपणे तोलतं. तरीही स्वतःच्या तोंडाने दिलेली कबुली डोक्यावर नसणं, हा फरक मला मोठा वाटतो.

लढण्यात दम किती आहे, हे टक्कर कशी झाली यावर ठरतं. पुढच्या गाडीपासून पुरेसं अंतर ठेवणं ही मागच्याची जबाबदारी, असं रस्त्याचे नियम सांगतात. २०१८ मध्ये ट्रकला मागून धडकलेल्या मोटारीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हाच नियम लावला. म्हणून तुम्ही सर्वांत मागे असाल आणि पुढची गाडी फक्त हळू झाली असेल, तर बाजू कमजोर आहे. पण जुलै २०२५ चा निकाल बघा. पत्नीला मळमळलं म्हणून एका मोटारचालकाने महामार्गावर अचानक ब्रेक मारला, मागचा दुचाकीस्वार धडकून पडला आणि त्याच्या अंगावरून बस गेली. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या मोटारचालकाला ५० टक्के, बसचालकाला ३० आणि दुचाकीस्वाराला २० टक्के जबाबदार धरलं. म्हणजे दोष वाटला जातो. उसाच्या ट्रॉलीला मागचा दिवा नसणं, कामाच्या ठिकाणी वळवलेल्या रस्त्यावर इशारा नसणं, पुढच्याने सिग्नल न देता थांबणं, हे सगळं त्या वाटणीत येतं. पुरावा मात्र लागतो.

मधल्या गाडीसाठी एक प्रश्न फार मोलाचा आहे: सगळ्यात पुढच्या गाडीतल्या लोकांना धक्का एक बसला की दोन? तुम्ही थांबलेले होता आणि मागून ढकलले गेलात, तर पुढच्यांना एकच धक्का जाणवतो. दोन धक्के बसले असतील, तर आधी तुम्ही धडकलात आणि नंतर मागचा तुमच्यावर आला, असं दिसतं. म्हणून पुढच्या गाडीतल्या माणसांचे नंबर त्याच दिवशी घ्या. गाड्या हलवण्याआधी काचांचा सडा, टायरचे घासलेले पट्टे, चाकांची दिशा, यांचे फोटो काढा. डॅशकॅम असेल तर मूळ मेमरी कार्ड जपून ठेवा. व्हिडिओ कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पोलिसांचे कागद कन्नडमध्ये. फिर्याद तुम्ही देत असाल तर ती तुम्हाला वाचून दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि तिची प्रत मोफत मिळते. मराठीत समजावून सांगायला लावा, मगच सही करा. तपासात घेतलेल्या जबाबावर तर सही घ्यायचीच नसते, हे फार थोड्यांना माहीत असतं. घटनास्थळाच्या महजरासोबतचं (म्हणजे पंचनाम्यासोबतचं) स्केच मात्र स्वतः बघा. कन्नड वाचता येत नसलं तरी गाड्या कुठे दाखवल्यात ते कळतं. दुसऱ्या बाजूची गाडी तुमच्या लेनमध्ये होती आणि चित्रात तसं दाखवलेलं नाही, तर लगेच लेखी हरकत द्या. मोटार वाहन नियमांतल्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार चालकाकडून फॉर्म ३, म्हणजे चालकाने द्यायच्या माहितीचा फॉर्म, भरून घेतात, त्याला अपघातापासून ३० दिवस असतात. तुमची बाजू तिथे लिहिली गेली पाहिजे.

गाडी सोडवण्यासाठी गुन्हा कबूल करावा लागतो, हा समज पार चुकीचा. आरटीओच्या निरीक्षकाची तपासणी झाली की गाडी सोडवण्याचा अर्ज वेगळा करता येतो, त्याचा कबुलीशी संबंध नाही. ही गुन्ह्याची कलमं जामीनपात्र आहेत, तेव्हा घाबरून घाईने काही बोलू नका.

कुणालाच लागलं नसेल, तर गोष्ट आटोपशीर आहे. स्वतःच्या विम्यातून दुरुस्ती घ्या. त्यासाठी चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, तरी समोरच्याच्या विम्यासाठी न्यायाधिकरणाच्या तारखा मोजण्यापेक्षा हे परवडतं. बोनस ५० टक्क्यांवर पोहोचला असेल आणि नुकसान नुसत्या बंपरचं असेल, तर खिशातून खर्च करणं बरं. जागेवर मिटवायचं झालं तर लिहून घ्या. पण एकदा कलम २८१ ची नोंद झाली की आपसांतल्या तडजोडीने ती मिटत नाही. रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात जावं लागतं.

चंदगड, कागल, गडहिंग्लजच्या वाचकांसाठी शेवटचं. भरपाईचा दावा अपघाताच्या जागी, तुमच्या राहत्या ठिकाणी किंवा प्रतिवादीच्या ठिकाणी, कुठेही करता येतो, म्हणजे कोल्हापुरातही. कायद्यातली मुदत सहा महिने आहे. फौजदारी खटला मात्र जिथे टक्कर झाली तिथल्याच कोर्टात चालतो, निपाणी, संकेश्वर किंवा बेळगाव. लढायचं ठरलं तर पहिल्याच तारखेला वकिलामार्फत वैयक्तिक हजेरीतून सूट मागणारा अर्ज द्या. मंजूर झाला तर प्रत्येक तारखेला सीमा ओलांडून येण्याची गरज उरत नाही.