बोलक्या पेनाला कान नसतात

वडोदऱ्यातल्या रावपुऱ्यातील एका खेळण्यांच्या दुकानातून तीन महिन्यांपूर्वी मी माझ्या पावणेतीन वर्षांच्या नातीसाठी एक बोलके पेन आणि त्यासोबतचे जाड पुठ्ठ्याचे चित्रपुस्तक १,८५० रुपयांना घेतले. चित्रावर टोक टेकवले की हे पेन त्या वस्तूचे नाव मराठी, गुजराती, हिंदी किंवा इंग्रजीत उच्चारते. (पेन तो की ते, यावर आमच्या घरात एकमत नाही आणि शेजारच्या गुजराती कुटुंबात तर ती आहे, मी येथे नपुंसकलिंग धरते.) बांधणी दणकट आहे, आवाज कमी करता येतो, आणि चार्जिंगची खाच महिनाभरात सैल झाली तेव्हा दुकानदाराने कुरकुर न करता पेन बदलून दिले.

तक्रार आहे ती उच्चारांची. मराठी विभागातील निवेदिका 'चमचा', 'चाक' आणि 'चारा' या तिन्ही शब्दांतील 'च' 'चार'मधल्या 'च'सारखाच उच्चारते, आणि तिचे 'केळे' ऐकताना 'केले' वाटते. प्रमाण गुजराती व हिंदीत 'च'चे असे दोन उच्चार नसल्यामुळे, वडोदऱ्यातील मराठी मुलाला हा भेद कानावर पडण्याचे ठिकाण म्हणजे प्रामुख्याने त्याचे घरच. लहान कान अशा भेदांबाबत किती तीक्ष्ण असतात, हे मानसशास्त्रज्ञ जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवले होते: इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील 'त' आणि 'ट' वेगळे ओळखू येत होते, पण दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी बहुतेकांची ती क्षमता ओसरली होती. जी ध्वनिभिन्नता सभोवती ऐकूच येत नाही, तिच्याकडे कान हळूहळू दुर्लक्ष करू लागतो. म्हणूनच मराठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूने तरी मराठी 'च' नीट उच्चारावा, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

त्याहून मोठी उणीव अशी की पेन केवळ सुटी नामे सांगते. मराठीत नामाचे लिंग बहुधा त्याच्या सोबत्यांवरून, म्हणजे विशेषणावरून आणि क्रियापदावरून कळते. नुसते 'चहा' हे शंभरदा ऐकवले तरी तो गरम असतो की गरम असते, याचा पत्ता लागत नाही. आमची नात 'चहा सांडली' म्हणते, कारण गुजराती आणि हिंदीतला चहा स्त्रीलिंगी आहे. ती 'मी करलं' असेही म्हणते आणि त्याचे मला कौतुकच वाटते, कारण 'करलं' हे रूप तिने आमच्यापैकी कोणाकडूनही ऐकलेले नाही. 'बसलं', 'पडलं' यांच्या धर्तीवर तिने ते स्वतः घडवले आहे. बालभाषेच्या अभ्यासक जीन बर्को यांनी १९५८ मध्ये मुलांना निरर्थक शब्द देऊन त्यांची अनेकवचने करून घेतली होती. तसा मी एक मनचा 'टोमा' काढून दाखवला आणि दोन झाल्यावर काय म्हणायचे ते विचारले, तेव्हा तिने क्षणभरही न थांबता 'टोमे' असे उत्तर दिले. पेनाला यातले काहीच ऐकू येत नाही. 'हो गं, तू केलंस' असे सहज म्हणून योग्य रूप तिच्या कानावर घालणारे माणूस शेजारी असावेच लागते.

बालभाषेच्याच संशोधक पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ मधील प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली गेली. प्रत्यक्ष माणसाबरोबर खेळलेली बाळे तिचे ध्वनी ओळखू लागली, तर तेच चित्रफितीवर पाहणारी किंवा नुसते ध्वनिमुद्रण ऐकणारी बाळे कोरीच राहिली. आमची नात काही बाळ नाही, तरीही ती एकटी असताना पेन पाच मिनिटांत बाजूला पडते आणि मी जवळ बसले की अर्धा तास 'आजी, हे कोण? का रडतंय?' असे प्रश्न चालू राहतात, हे मी रोज पाहते. त्या अर्ध्या तासासाठी पुस्तकातील चित्रे, विशेषतः बाजाराचे आणि स्वयंपाकघराचे पान, खरोखर उत्तम आहेत.

सोबत बसायला कोणी असेल तरच हे पेन घ्यावे. मूल गुंतून राहील आणि आपल्याला कामे उरकता येतील, या हिशेबाने घेणाऱ्यांनी हे पैसे दोन-तीन साध्या चित्रपुस्तकांवर खर्च करावेत. मराठी विभागाची सुधारित आवृत्ती येणार असल्याचे दुकानदार म्हणतात. ती आल्यास दुकानातच 'चमचा' आणि 'केळे' ऐकून मग पाकिटाला हात घालावा.